एका रेघेचं अक्षर

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, गच्चीवर आहे मी, वाऱ्याने काही ऐकू येत नाहीये… अगं ठमे, तू होय! मला वाटलं तोच सकाळचा, कर्ज हवंय का विचारणारा. दोनदा झापलंय त्याला… हो, हो, बोल.

नको. व्हिडिओ नको… अगं, नको म्हणजे नको! माझ्या उजव्या हातात लाल बटण आहे आणि फोन मी कान नि खांद्यात दाबून धरलाय. मान आखडली तर शेकायला तुलाच बोलावीन… कसलं म्हणजे? लेझर बंद करायचं बटण. दाबलं की सगळं ठप्प. ते माझ्याच हातात राहणार अशी अट घातलीय मी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे सांभाळते, आणि संध्याकाळी माझ्याच बापाने कुणाचा डोळा भाजला तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने दुकान उघडू?

हो, आजच. आत्ताच. अंधार पडायची वाट बघतोय. उद्या इमारतीच्या लोकांचा कार्यक्रम, आज रंगीत तालीम… आहेत ना, तिघंही आहेत. बाबा, टीव्हीवाले काका आणि फोटोवाले काका. आमची समिती! एकाची पाट्या रंगवायची कामं गेली, एकाकडे टीव्ही दुरुस्तीला येईनात, तिसऱ्याच्या स्टुडिओला कुलूप लागलं. ज्या कॉम्प्युटरने तिघांच्या पोटावर पाय दिला, त्यालाच तिघं मिळून आता गोंजारतायत.

हसू नकोस गं. हसायला मलाही येतं, पण ऐक ना. बाबांनी सांगून टाकलंय, आज भिंतीवर एक तरी अक्षर धड दिसलं नाही, तर ही लेझरची पेटी उद्याच्या उद्या कुणाला तरी देऊन टाकायची. आणि पुन्हा त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नाही…

‘बरंच झालं’ काय? काय बरं झालं?… तुला माहीत नाही इथे काय चालायचं. हात थरथरायला लागल्यापासून ब्रशला शिवले नाहीत ते. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. जेवायला हाक मारली तर ‘हं’. दाढी वाढलेली. मी कामाला निघताना तसेच, आले तरी तसेच. ही पेटी घरात आल्यापासून रोज सकाळी दाढी करतात, ठमे. कापून घेतात गालावर, पण करतात. मला त्या लेझरशी काय देणंघेणं आहे? मला ती दाढी हवीय.

हो, तुला कुठून माहीत असणार. दोन वर्षं झाली तुला येऊन… नाही गं, टोमणा नव्हता… बरं, होता. पुढे बोल.

भिंत? समोरचीच. फर्निचरवाल्याची, बिनखिडक्यांची… तीच ती. आरामखुर्ची होती ना त्यावर, दोन मजले उंच, बाबांनी रंगवलेली? आपण शाळेतून येताना लांबूनच दिसायची बघ. ती झाकली. त्याने तिच्यावर फ्लेक्स ठोकला. सोफ्यावर अख्खं कुटुंब बसलंय आणि सगळ्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. सोफा आणल्यावर एवढं कोण हसतं गं? आपल्याकडे सोफा आणला तेव्हा दारातून आत जाईना म्हणून बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

आली ना ती पेटीला जोडायची डबी. आली, दुपारीच आली… सांग तुझ्या ह्यांना, पोचली म्हणावं… हो, उघडली. लावूनही बघितली… आता काय सांगू तुला. तेच. लुकलुक. अक्षर दिसतंय म्हणेपर्यंत गायब. बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं.

नाही नाही, तसं नाही. बाबांना जावयाचे उपकार नकोत असं कोण म्हणतंय? पण जावईबापूंना एवढं विचार, की ही कितवी डबी?… विचारच तू. मला त्यांचं उत्तर ऐकायचंय.

अगं, ते सोपं आहे, तुलाही कळेल. कळणार नाही असं का वाटतं तुला? मला कळलं तर तुला कळेलच. पेटीतून एक हिरवा किरण निघतो. एकच. आत असतात दोन इवलेसे आरसे, नखाएवढे. एक आडवा फिरतो, एक उभा. ते हलले की भिंतीवरचा ठिपका पळतो, आणि ठिपका जोरात पळाला की आपल्याला रेघ दिसते. खरी रेघ नसतेच. मग त्या आरशांना इकडे वळा, तिकडे वळा, आता थांबा, असं सांगायला मधे लागते डबी. आणि डबीला सांगायला लॅपटॉपवर सॉफ्टवेअर. झालं! एवढंच. एवढ्यासाठी आमच्या घरात सहा महिने संसद भरलीय.

टीव्हीवाले काका म्हणाले, डबी विकत कशाला, मी बनवतो. जुन्या कॉम्प्युटरमधलं गाणी वाजवायचं कार्ड काढलं, त्यातले चार सुटे भाग उपटले, वायरी जोडल्या. सॉफ्टवेअर फुकटचं. वर्तुळ काढलं. दिसलं बाई वर्तुळ! आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत ते हळूहळू सरकत सरकत मधोमध येऊन बसलं. कोपऱ्यात काही काढलं की निघालं मधे. काका म्हणे, दोन भाग उपटायचे राहिले. ते उपटले, मग कॉम्प्युटरच बंद पडला.

मग फोटोवाल्यांचं म्हणणं, लॅपटॉपच नको. कार्ड घालायचं, पेटी आपली आपण चित्रं दाखवते. दाखवली की! चारशे चित्रं होती त्यात. घोडा, फुलपाखरू, नाचणारी बाई, पुन्हा घोडा. बाबांनी शांतपणे विचारलं, यात मी कुठे आहे?… हो ना. तिथेच खटका पडला. महिनाभर दोघांत अबोला. एक जिन्यातून वर यायचा, दुसरा लिफ्टने खाली जायचा.

आणि तिसरं तुमच्या घरचं… ऐक तर! रागावू नकोस. जावईबापूंचं सॉफ्टवेअर म्हणजे काय विचारता, विमान चालवायला बसल्यासारखं वाटायचं. पण ते चालणार फक्त त्याच कंपनीच्या डबीवर, कारण परवाना म्हणे डबीच्या पोटात. आणि परवाना येईपर्यंत काय? आठ दिवस आमच्या भिंतीवर हे एवढं मोठं लिहून येत होतं, ‘चाचणी आवृत्ती’. खालून जाणारा माणूस न् माणूस थांबून वाचायचा. दूधवाल्याने मला विचारलं, ताई, हे कुणाचं दुकान उघडतंय?

वर त्या डबीला बटणाची वायर घालायला जागाच नाही! आणीबाणीला काय करायचं म्हटलं, तर तुझे हे म्हणाले, लॅपटॉपवर एस्केप दाबायचं. आणि लॅपटॉपच अडकला तर? तर म्हणे दोन मिनिटांत पुन्हा चालू होतो. तोवर कुणाचा डोळा जाईल त्याला काय दोन मिनिटं थांब म्हणायचं?… हो, मी तेव्हा ओरडले त्यांच्यावर. मला काही पश्चात्ताप नाही त्याचा.

शेवटी मी निवडली डबी. हो, मी! समितीला बाजूला बसवलं आणि दोनच गोष्टी बघितल्या. बटणाला जागा आहे का आणि बाबांना पेनाने लिहिता येतं का. ती पाटी मिळते ना, त्यावर पेन फिरवलं की लॅपटॉपमध्ये उमटतं, ती जोडता येते हिला. सॉफ्टवेअर साधं, फुकटचं, त्यात एकसुद्धा घोडा नाही. तर तुझ्या ह्यांनी आपला व्हिडिओ बघून तिकडून निकाल दिला, डबी स्लो आहे. आणि पाठवली ही नवी, सुपरफास्ट. या वेळी बटणाला जागा ठेवली त्यात, तेवढा माझा मान राखला म्हणायचा.

काय म्हणतायत? फोन त्यांना देतेस?… नको, नको! राहू दे गं. त्यांना सांग, ताईला फार बोलायचं होतं पण तिचे हात अडकलेत…

थांब हं एक मिनिट. काय काका?… अहो, मी कशाला हलवीन पाटी? ती आपोआप घसरतेय, टेबलच वाकडं आहे… धरते, धरते. हॅलो? हां, अगं आता डाव्या हातात पाटी धरलीय. म्हणजे उजव्यात बटण, डाव्यात पाटी आणि मानेत तू. बोल.

नाही, सुरू झालं. बाबा लिहितायत… काय लिहितायत ते कुणाला सांगतील तर शपथ! ‘ज’ने सुरू होतं एवढं कळलंय सगळ्यांना. सहा महिने ‘ज’च चाललाय, पुढे गाडी जातच नाही. फोटोवाले म्हणतात ‘जय’ असणार. टीव्हीवाले म्हणतात ‘जवानी’. आई म्हणते, मला काही सांगू नका, अक्षर दिसलं की हाक मारा, तोवर मी मालिका बघते. खिडकीचे पडदेसुद्धा लावून घेतलेत तिने.

हां, आला. आला ‘ज’. भिंतीवर आलाय… अगं, आलाय म्हणजे काय, आहे-नाही, आहे-नाही चाललंय. दोन सेकंद बघितलं की डोळ्यांतून पाणी येतं. आणि आरसे ऐकू येतात का तुला? चिरर्र चिरर्र चाललंय बघ. थांब, पेटीजवळ वाकते… ऐकलंस? काका म्हणतायत, आरशांना झेपत नाही. डबी कितीही वेगवान आणा, आरसे काही हुकमाचे ताबेदार नाहीत, पळतील तेवढेच पळतील… हे काका सहा महिन्यांपूर्वी बोलले असते तर! तेव्हा कार्डाचे भाग उपटत बसले होते.

हो, विचारते. काका, मग उपाय काय?… ठिपके कमी करा म्हणतायत. म्हणजे असं बघ, बाबांनी जे काढलंय त्याचे हे सॉफ्टवेअर ठिपके करतं, आणि प्रत्येक ठिपक्यावर त्या आरशांना जाऊन यावं लागतं. जास्त ठिपके, जास्त हेलपाटे, मग लुकलुक… आता एका ‘ज’ला असे किती लागणार? थांब, इथे लाल अक्षरांत काहीतरी आलंय लॅपटॉपवर… अगं आई गं! ठमे, एवढ्या ठिपक्यांत अख्खं वर्तमानपत्र बसेल. एका ‘ज’त!

बाबा! बाबा, हे काय केलंत?… तुला नाही गं, बाबांना. बाहेरची कड, आतली कड, मग उजवीकडे सावली, खाली सावली, वर चमक! लेझरने ‘ज’ लिहायचाय ना? की लग्नाला उभा करायचाय त्याला?… काय म्हणतायत ऐक. म्हणे, एका रेघेला अक्षर म्हणत नाहीत. एका रेघेने वाणी हिशोब लिहितो, पेंटर नाही… घ्या! चाळीस वर्षांत एकही अक्षर बिनसावलीचं सोडलं नाही, आता कशाला सोडतील! आणि आपण इथे डब्या बदलतोय. तुझ्या ह्यांना सांग, दोष ना सॉफ्टवेअरचा ना डबीचा. दोष सासऱ्याचा.

बाबा, एक रेघ ओढा ना साधी. आमच्यासाठी. ‘ज’, बस. ना कड, ना सावली… अहो पण का नाही? जन्मात एकदा वाण्यासारखं लिहिलंत म्हणून काय बिघडलं? कुणी तुमचं पेंटरपण काढून घेणार आहे?… नाही म्हणतायत. मान फिरवून बसलेत. लहान मुलालाही लाजवतील असा रुसवा… हो, अगं, सांगितलं ना मी चांगल्या शब्दांत! यापेक्षा चांगले शब्द माझ्याकडे नाहीत.

थांब जरा. बटण धरलेल्या हाताच्या करंगळीने मी हे चित्र मोठं करून बघते. एक एक रेघ पुसून टाकता येते का बघू, त्यांना कळणार पण नाही… थांब गं… हं…

आहे ना. आहे मी फोनवर.

ठमे, जरा गप्प बस. काही बोलू नकोस. पलीकडे जाते मी… नाही, पाटी धरलीय, जाता येत नाही. हळू बोलते, तूच कान दे.

अगं, ती सावली नाहीये. म्हणजे आहे, पण ती सगळ्यांत शेवटी आलीय. मोठं करून बघितलं तर त्यात एक बारीक रेघ दिसतेय. पहिली. ती अशी… कशी सांगू… थरथरलेली आहे गं. पावलोपावली. मग तिच्यावरून दुसरी गिरवलीय, ती झाकायला. तीही हलली, मग तिसरी. मग कड, मग सावली. सगळं त्या पहिल्या रेघेवर पांघरूण घातलंय. सहा महिने. मी समजत होते पेंटरचा माज… आणि मी आत्ता त्यांना काय काय बोलले, ऐकलंस ना तू?

रडतेस काय? रडू नकोस हं! तुझा आवाज बाहेर येतोय फोनमधून, ते बघतील… मी? मी नाही रडत. वारा आहे इथे.

नाही, मी नाही सांगू शकत त्यांना. काय सांगू? बाबा, तुमचा हात थरथरतो हे दोन मजली भिंतीवर दाखवा सगळ्या गल्लीला? तू सांगशील? देऊ फोन?… हां, मग. लांबून सगळं सोपं असतं.

काय झालं काका?… बंद करू? बाबा म्हणतायत बंद करा?… अगं, ते उठले. वायर काढा म्हणतायत. पेटी गुंडाळा म्हणतायत… बाबा, थांबा हो जरा, बसा ना! काय करू गं ठमे? बोल ना काहीतरी! एरवी तर तोंडाला कुलूप नसतं तुझ्या.

थांब, खालून कोणीतरी ओरडतंय… फर्निचरवाला. दुकान बंद करून बाहेर उभा आहे, वर बघतोय. हातात किल्ल्या… काय म्हणतोय… ‘काय पेंटर, सहा महिने झाले, दिसत तर काहीच नाही! आमच्या फ्लेक्सवाल्याला पाठवू का? एका रात्रीत छापून देईल!’

हसतोय वर. त्याच्या फ्लेक्सवरची माणसं बरी.

कसली शिवी देऊ? द्यायचीच होती, पण… थांब. थांब थांब थांब. बाबा परत आलेत. बसले. पेन मागतायत… काका, द्या हो पेन… हे घ्या बाबा. पाटी मी धरलीय, घट्ट धरलीय, लिहा तुम्ही… शूऽऽ. मला म्हणतायत, मागचं सगळं पूस. सगळं? सगळं… पुसलं. काका, पुसलं ना? हां.

भिंत काळी झालीय आता. नुसते दात दिसतायत.

शिरोरेघ ओढतायत आधी… आधी शिरोरेघच ओढतात ते, विसरलीस? सुतळीला खडू लावून, दोन टोकं दोघींकडे देऊन, मधे टिचकी मारायचे. फट्! सरळ रेघ. तू शाळेच्या कंपाउंडपाशी टोक सोडून कुत्र्याच्या पिल्लामागे पळालीस, आणि ती सुतळी माझ्या नाकावर बसली… हो, मला नाही विसरता येत, नाक माझं होतं.

आली! शिरोरेघ आली भिंतीवर… हललीय गं. वाकडी, नागमोडी. लांबच लांब, सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत… पण ठमे, लुकलुकत नाहीये! जागची हलत नाही. पाटीवर जशी ओढली तशी, थरथरीसकट, उभी आहे भिंतीवर. गप्प. आरसे पण गप्प झाले, ऐक… नाही येत ना आवाज?

आता एक एक अक्षर खाली सोडतायत. पेन उचलत नाहीत. शिरोरेघेवरून जायचं, खाली उतरायचं, वर यायचं, पुढे… ‘ज’. ‘जा’. काय आहे पुढे… ‘हि’… ‘रा’… ‘जाहिरा’… अगं बाई! अगं बाई गं!

नाही नाही, काही झालं नाही. थांब, पुरं होऊ दे… हसू येतंय गं मला, पाटी हलेल… ऐक, वाचते. फर्निचरवाल्याच्या फ्लेक्सवर, त्या बत्तीस दातांच्या बरोबर वर, हिरव्यागार अक्षरांत आमच्या वडिलांनी काय लिहिलंय माहितेय?

‘जाहिरात लावू नये.’

हो! तेच! शाळेच्या कंपाउंडवरचं! दवाखान्याच्या, बँकेच्या, पोस्टाच्या भिंतीवर आयुष्यभर लिहीत आले तेच! सहा महिने हे मनात ठेवून बसले होते, आणि आम्ही आपले ‘जय’ की ‘जवानी’ करत होतो… हस, हस, आता हस तू.

लोक थांबलेत खाली. गाड्या पण थांबल्यात. सगळे वाचतायत, मोठमोठ्याने… फर्निचरवाला? त्याने मागे वळून वर बघितलं आत्ता. बघ बघ, किल्ल्या पडल्या हातातून. ओरडतोय. ‘बंद करा, आधी बंद करा ते!’ माझ्याकडे बघून ओरडतोय, माझ्या हातात बटण दिसतंय ना त्याला… काय हो? काय म्हणता? ऐकू येत नाही! वारा आहे इथे!

छे, का दाबू? अक्षरं डोक्याच्या वर आहेत, भिंतीला खिडकी नाही, किरणात कुणी नाही. दात भाजत नाहीत लेझरने, मला माहीत आहे, मी डोळ्यांच्याच धंद्यात आहे.

खाली आईचे पडदे सरकले गं. खिडकी उघडली तिने. नुसती उभी आहे बाहेर बघत… टीव्ही चालूच आहे तिचा.

बाबा? बाबा बसलेत. हात मांडीवर ठेवलाय, तो थरथरतोय, आणि समोर शिरोरेघ थरथरलेली. लपवत नाहीयेत. आलटून पालटून दोन्हीकडे बघतायत. टीव्हीवाले काका म्हणाले, पेंटर, रेघ जरा वाकडी आली. तर म्हणतात कसे… थांब, पुन्हा बोला बाबा, फोनवर ठमी आहे… ऐकलंस? नाही ऐकलंस? म्हणतायत, रेघ माझ्यामुळे वाकडी नाही आली. धाकटीने सुतळीचं टोक सोडलं.

…ठमे? काय म्हणतेस?

फोटो? नाही यायचा गं. अगं खरंच नाही यायचा, मी आत्ता फोटोवाल्यांना प्रयत्न करताना बघितलं. ‘जा’ आला आणि पुढे काळोख. ते म्हणतायत, ठिपका पळत असतो, मोबाइल झापड उघडून मिटेपर्यंत तो अर्ध्यातच पोचलेला असतो. व्हिडिओत पण तसंच, पट्टे पट्टे. म्हणून तर जावईबापूंना तिकडून सगळं बिघडलेलंच दिसायचं. मोठा कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर लावून येईल म्हणे, पण तो त्यांनी स्टुडिओबरोबर विकला.

मग कसं बघायचं? इथे उभं राहून. माणसाच्या डोळ्यांना दिसतं पूर्ण. हीच मशीन लागते, दुसरी कुठलीच चालत नाही. तुझ्या ह्यांना विचार, पार्सलने पाठवता येते का.

उद्या आहे ना, उद्या पुन्हा आहे. सगळ्या इमारतीसमोर. बाबा आत्ताच म्हणाले, पेटी द्यायची नाही. उद्या दुसरी ओळ लिहायचीय म्हणे… कुठली ते नाही सांगणार. ‘म’ने सुरू होते एवढंच बोलले.

हो. हो गं, ऐकतेय… माहितेय मला सुट्टी मिळत नाही. माहितेय मला लांब आहे… अगं, मी कुठे काय म्हणतेय? मी काहीच म्हणत नाहीये. म्हणणारे ते आहेत, टोक सोडलं म्हणून.

बरं, ठेव आता. फर्निचरवाला जिन्याने वर येतोय, दाणदाण पावलं वाजतायत, त्याला बघू दे जरा… नाही, तूच ठेव. मला नाही ठेवता येत. एका हातात बटण आहे, एका हातात पाटी आहे, आणि मी दोन्ही सोडणार नाही. तू ठेव. रडत काय बसलीस, फोन ठेव आणि तिकीट काढ.